घड्याळाने इशारा दिला नाही, तर?

मनगटावरचे घड्याळ झोपेबद्दल काहीबाही सांगू लागले त्याला आता बरीच वर्षे झाली. किती तास झोप झाली, त्यातली गाढ किती, रात्रीत किती वेळा जाग आली, याचे रंगीत आलेख सकाळी चहाच्या कपाबरोबर पाहणारे लोक शहरांत कमी नाहीत. त्या आलेखांना वैद्यकीय वजन मात्र नव्हते. २०२४ मध्ये यात मोठा फरक पडला. त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सॅमसंगच्या घड्याळातील स्लीप ॲप्नियाची चिन्हे ओळखणाऱ्या सुविधेला मान्यता दिली. दक्षिण कोरियाने ती ऑक्टोबर २०२३ मध्येच दिली होती. पाठोपाठ सप्टेंबर २०२४ मध्ये ॲपलच्या घड्याळातील तशाच सुविधेलाही अमेरिकेत परवानगी मिळाली आणि दीडशेहून अधिक देशांत ती आणण्याची घोषणा झाली. तेव्हापासून फोनच्या पडद्यावरचा इशारा घेऊन डॉक्टरांकडे येणारे रुग्ण दिसू लागले आहेत.

इशारा घेऊन येणाऱ्या रुग्णाबद्दल फारशी चिंता नाही. तो आला, त्याची चाचणी होईल, जे असेल ते कळेल. प्रश्न आहे तो इशारा न आल्यामुळे घरी थांबलेल्या माणसाचा. घोरणे मोठे, रक्तदाब दोन गोळ्यांनीही आटोक्यात नाही, दुपारी खुर्चीत डुलकी लागते. पण ‘घड्याळ काही म्हणत नाही, म्हणजे सगळे ठीक’, असे मानून तो निश्चिंत आहे. हा निष्कर्ष चुकीचा का आहे, हे समजण्यासाठी आधी आजार काय, चाचणी काय आणि घड्याळ नेमके काय मोजते, हे पाहावे लागते.

झोपेत आपले स्नायू सैल पडतात, तसे घशाचेही पडतात. जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग खाली येतो. घसा मुळात अरुंद असेल, मानेभोवती चरबी असेल किंवा खालचा जबडा मागे असेल, तर हवेचा मार्ग चिंचोळा होतो. चिंचोळ्या मार्गातून हवा जाताना होणारी थरथर म्हणजे घोरणे. मार्ग पूर्ण मिटला की घोरणे थांबते, छाती वरखाली होत राहते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, जोराचा सुस्कारा किंवा घुसमटल्यासारखा आवाज येतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. झोपलेल्याला यातले काहीही आठवत नाही. शेजारी झोपणाऱ्याला मात्र सगळे ठाऊक असते.

श्वास किमान दहा सेकंद थांबण्याच्या किंवा बराच मंदावण्याच्या अशा घटना तासाला किती होतात, यावर आजाराची तीव्रता ठरते. पाचपेक्षा कमी असतील तर सामान्य; ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र. तासाला ३० म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांना एकदा. सात तासांच्या झोपेत दोनशेहून अधिक वेळा. प्रत्येक वेळी हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उसळी घेतात. अशा रात्री वर्षानुवर्षे गेल्या, की औषधांना न जुमानणारा रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशी या आजाराचे नाते का आढळते, हे वेगळे सांगायला नको. गायक-संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी कारणात या आजाराचे नाव घेतले आणि बऱ्याच लोकांनी तो शब्द प्रथमच ऐकला.

आजार दुर्मीळ नाही. दिल्लीच्या ‘एम्स’मधील तज्ज्ञांनी देशभरातील अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये जो अंदाज मांडला, त्यानुसार भारतातील सुमारे ११ टक्के प्रौढांना, म्हणजे कामकाजाच्या वयातील साधारण १० कोटी ४० लाख लोकांना तो आहे, त्यातील ४ कोटी ७० लाख जणांना मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचा. पुरुषांत १३ टक्के, स्त्रियांत ५ टक्के. यातल्या बहुतेकांचे निदान झालेले नाही. इतक्या लोकांना झोपेच्या प्रयोगशाळेत नेणे कोणत्याच देशाला शक्य नाही. म्हणूनच मनगटावरच्या घड्याळाकडे आशेने पाहिले जाते आणि त्या आशेत चूक काही नाही.

आता चाचणीबद्दल. पॉलिसोम्नोग्राफी या चाचणीत रुग्ण रात्रभर प्रयोगशाळेत झोपतो. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला तारा. नाकापुढे हवेचा प्रवाह मोजणारी नळी. छाती आणि पोटाला पट्टे. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. शिवाय हृदयाचा आलेख आणि पायांच्या हालचालींची नोंद. श्वास थांबला तेव्हा छाती प्रयत्न करत होती की नाही, हे पट्ट्यांवरून कळते. प्रयत्न होत असेल तर अडथळा घशात आहे. प्रयत्नच नसेल तर मेंदूकडून आदेश येत नाही. हृदय कमकुवत झालेल्या काही रुग्णांत हा दुसरा प्रकार आढळतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. घरी नेऊन करायची लहान चाचणीही आता रुळली आहे. तीत मेंदूच्या तारा नसतात, पण हवेचा प्रवाह, छातीचे पट्टे आणि ऑक्सिजन असतो. ठळक लक्षणे असलेल्या आणि हृदय-फुप्फुसांचा दुसरा मोठा आजार नसलेल्या माणसासाठी ती पुरेशी ठरते.

घड्याळाला नाक नाही आणि छातीही नाही. त्याला मनगटावरून अंदाज बांधावा लागतो. हा अंदाज दोन्ही कंपन्या दोन वेगळ्या वाटांनी बांधतात, हे ग्राहकांना सहसा सांगितले जात नाही.

सॅमसंगचे घड्याळ रक्तातील ऑक्सिजनची चढउतार पाहते. श्वास अडला की ऑक्सिजन घसरतो, सुटला की वर येतो. आलेखावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटते. दहा दिवसांच्या आत दोन रात्री, प्रत्येकी चार तासांपेक्षा जास्त झोप, एवढी नोंद त्याला लागते. ही सुविधा २२ वर्षे किंवा त्याहून मोठ्या वयाच्या लोकांसाठी आहे. ॲपलने वेगळी वाट धरली. त्याचे घड्याळ मनगटाची अतिसूक्ष्म हालचाल पाहते. श्वास अडखळून सुटतो तेव्हा शरीर जो बारीक झटका देते, तो हालचाल टिपणाऱ्या संवेदकाला जाणवतो. ३० दिवसांच्या काळात किमान दहा रात्रींची नोंद हवी. त्यात बिघाड वारंवार दिसला तर इशारा येतो. वयाची अट १८ वर्षे. (ऑक्सिजन मोजण्याच्या तंत्रावरून ॲपलचा मॅसिमो या कंपनीशी पेटंटचा वाद झाला आणि जानेवारी २०२४ पासून काही काळ अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या घड्याळांतून ती सोय काढावी लागली. श्वासाच्या नोंदीसाठी हालचालीवर विसंबणारी पद्धत त्या वादापासून मोकळी राहिली.)

मनगटावर ऑक्सिजन मोजणे बोटापेक्षा अवघड आहे. बोटाच्या चिमट्यात प्रकाश एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूला मोजला जातो. मनगट जाड, मध्ये हाडे. तेथे परावर्तित होऊन आलेल्या प्रकाशावर काम भागवावे लागते. पट्टा सैल असेल, हात अंगाखाली दबला असेल, त्याच जागी गोंदण असेल तर नोंद बिघडते. त्वचेच्या रंगाचाही प्रश्न आहे. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयातील बोटाच्या चिमट्यांनीसुद्धा कृष्णवर्णीय रुग्णांतील ऑक्सिजनची घसरण गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेळा चुकवल्याचे आढळले होते. रुग्णालयातील उपकरणाचे हे, तर मनगटावरच्या घड्याळाचे काय, हा प्रश्न गव्हाळ-सावळ्या त्वचेच्या देशात विचारायलाच हवा.

आता आकडे. ॲपलने स्वतःच्या पडताळणीचे निष्कर्ष जाहीर केले आहेत. मध्यम किंवा तीव्र आजार असलेल्या शंभर जणांपैकी सुमारे ६६ जणांना घड्याळाने इशारा दिला. तसा आजार नसलेल्यांपैकी ९८.५ टक्क्यांच्या बाबतीत ते गप्प राहिले. दुसरा आकडा फारच चांगला आहे. शिवाय ज्यांना इशारा मिळाला, त्या प्रत्येकाला निदान सौम्य आजार तरी होताच, असे कंपनीने म्हटले आहे. म्हणजे घड्याळ उगाच घाबरवत नाही. इशारा आला तर तो गांभीर्याने घ्यावा, हे यातून सरळ निघते.

पहिला आकडा मात्र थांबून पाहायला हवा. शंभरातले ३४ सुटले. त्यातही आजार तीव्र असेल तर दहापैकी जवळपास नऊ जण सापडतात, पण मध्यम असेल तर निम्म्याहून कमी. म्हणजे तासाला वीस वेळा श्वास अडणाऱ्या माणसाला घड्याळाकडून काहीच न कळण्याची शक्यता कळण्यापेक्षा जास्त आहे. कंपनीने हे जाणूनबुजून पत्करले आहे. लाखो निरोगी लोकांना खोटे इशारे जाऊ लागले, तर दवाखाने तुंबतील आणि लोकांचा विश्वास उडेल. म्हणून चाळणीची भोके अशी ठेवली, की उगाच कोणी अडकू नये. हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण मग अशा चाळणीतून सुटलेल्याला ‘निर्दोष’ म्हणता येत नाही.

हेच एका हिशेबाने स्पष्ट होते. हजार प्रौढ लोक घ्या, कोणतीही लक्षणे न विचारता. एम्सच्या अंदाजाच्या आसपास जाऊन त्यातल्या पन्नास जणांना मध्यम किंवा तीव्र आजार आहे, असे धरा. घड्याळ त्यातल्या ३३ जणांना पकडेल, १७ जणांना सोडेल. उरलेल्या ९५० पैकी १४ जणांना जास्तीचा इशारा जाईल. ज्यांना इशारा आला नाही, असे साडेनऊशेहून अधिक लोक. त्यात आजारी १७. म्हणजे गप्प घड्याळ असलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आत. वाईट नाही.

आता दुसरे हजार लोक घ्या. सगळे घोरणारे, पोट सुटलेले, रक्तदाबाची औषधे घेणारे, पन्नाशीच्या पुढचे. अशा गटात निम्म्या लोकांना मध्यम किंवा तीव्र आजार आहे, असे समजू. ५०० पैकी घड्याळ ३३२ जणांना पकडेल आणि १६८ जणांना सोडेल. निरोगी ५०० पैकी ४९२ जणांबाबत ते बरोबर गप्प राहील. एकूण गप्प घड्याळे ६६०. त्यात आजारी १६८. म्हणजे चारांत एक! या गटात तीव्र आजार अधिक असल्यामुळे प्रत्यक्षात चित्र थोडे बरे असेल, पण फार नाही. घड्याळ तेच, त्याची अचूकता तीच, मौनही तेच. एकाच्या बाबतीत त्या मौनाचा अर्थ ‘बहुधा ठीक’ असा आहे आणि दुसऱ्याच्या बाबतीत ‘अजून काहीच ठरलेले नाही’ असा. घड्याळाला हा फरक कळत नाही, कारण त्याने रक्तदाब विचारलेला नाही, मानेचा घेर मोजलेला नाही आणि शेजारी झोपणाऱ्याशी ते बोललेले नाही.

हे प्रश्न विचारणारे एक साधन आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. कॅनडातील टोरंटो येथील भूलतज्ज्ञ फ्रान्सेस चुंग यांनी २००८ मध्ये मांडलेली ‘स्टॉप-बँग’ ही आठ प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते. बंद दाराबाहेर ऐकू जाईल इतके मोठ्याने घोरता का? दिवसा थकवा किंवा झोप येते का? झोपेत श्वास थांबताना कोणी पाहिले आहे का? उच्च रक्तदाब आहे का? बॉडी मास इंडेक्स ३५ च्या वर आहे का? वय पन्नाशीच्या वर? मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त? पुरुष आहात का? तीन ‘हो’ आले तर धोका मध्यम, पाच किंवा अधिक आले तर जास्त. आपल्या लोकांसाठी ३५ ची मर्यादा फार वरची आहे, हे येथे लक्षात ठेवायला हवे. भारतीयांत २५ च्या वर लठ्ठपणा धरला जातो, आणि आशियाई चेहऱ्याच्या ठेवणीमुळे तुलनेने सडपातळ माणसालाही हा आजार होतो. ही यादी घड्याळाच्या अगदी उलट वागते: फार कोणाला सोडत नाही, पण बऱ्याच निरोगी लोकांवर उगाच संशय घेते. म्हणूनच दोन्ही एकत्र वापरण्यात शहाणपण आहे. यादीत पाच ‘हो’ असतील, तर घड्याळ गप्प असले तरी चाचणी करावी. यादीत एक-दोनच ‘हो’ आणि घड्याळही गप्प, तर स्वस्थ झोपावे.

घड्याळाचे एक बलस्थान मात्र प्रयोगशाळेकडे नाही. प्रयोगशाळा एक रात्र पाहते, तीही अनोळखी खोलीत, तारांच्या जंजाळात. आजार रात्रीगणिक बदलतो. उताणे झोपल्यावर वाढतो, कुशीवर कमी होतो. दारू घेतलेल्या रात्री, सर्दीने नाक चोंदलेले असताना, झोपेची गोळी घेतल्यावर बिघडतो. एका रात्रीच्या चाचणीत ‘सामान्य’ ठरलेल्या काहींना दुसऱ्या रात्री आजार सापडतो. महिनाभर घरच्या अंथरुणावर नोंद करणारे साधन येथे खरोखर उपयोगी आहे. लग्नसराईच्या आठवड्यात आलेख कसा चढतो, हे पाहून दारूबद्दलचा सल्ला जेवढा पटतो, तेवढा तो डॉक्टरांच्या तोंडून पटत नाही.

परंतु यात एक घसरण्याची जागा आहे. मान्यता मिळालेल्या या सुविधा ज्यांचे निदान झालेले नाही अशांसाठीच आहेत. निदान करणे, उपचार ठरवणे किंवा श्वासावर पहारा ठेवणे हे त्यांचे काम नाही, असे सॅमसंगच्या मान्यतेत स्पष्ट लिहिले आहे. तरीही निदान झालेले रुग्ण ‘घड्याळात बरे दिसते’ म्हणून सीपॅप यंत्र बंद ठेवताना आढळतात. उपचार कितपत लागू पडतो, हे पाहायचे तर यंत्र स्वतःच दर रात्रीची नोंद ठेवते: किती तास वापरले, मास्कमधून किती हवा गळली, तासाला किती घटना उरल्या. डॉक्टरांना दाखवायची ती नोंद.

दुसरी घसरण बाजाराची आहे. दोन हजार रुपयांच्या आतल्या बँडच्या खोक्यावरही ‘ऑक्सिजन’ आणि ‘झोप’ हे शब्द असतात. त्यांच्या बारीक अक्षरांत बहुधा ‘वैद्यकीय वापरासाठी नाही’ असेही असते. भारतात एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे, त्यात सॉफ्टवेअरही आले, कायद्याने औषधाच्या व्याख्येत आणली गेली आहेत. पण कंपनीने ‘हे केवळ तंदुरुस्तीसाठी’ म्हटले, की ते उपकरण वैद्यकीय उरत नाही आणि पडताळणीचे आकडे मागण्याची सोयही उरत नाही. वर दिलेला सगळा हिशेब करता आला तो कंपनीने आकडे जाहीर केले म्हणून. आकडे न देणाऱ्या बँडच्या इशाऱ्याचा किंवा मौनाचा अर्थ लावायचा कसा, याला उत्तर नाही. खरेदी करताना विचारायचा पहिला प्रश्न हाच: ही सुविधा कोणी तपासली आणि किती रुग्ण सुटले?

त्याहून मोठा प्रश्न घड्याळ कोणाच्या मनगटावर आहे, हा आहे. चाळीस-पन्नास हजारांचे घड्याळ वापरणारा तिशीतला संगणक अभियंता हा या आजाराचा नेहमीचा रुग्ण नव्हे. तो व्यायाम करतो, म्हणून तर घड्याळ घेतो. रुग्ण आहे तो रात्रपाळीचा ट्रकचालक, मान आखूड, दिवसभर बसून, धाब्यावर उशिरा जेवणारा. जून २०२५ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर चाकामागे लागलेल्या डुलकीची किंमत काय असते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. ब्रिटनमध्ये या आजारामुळे दिवसा झोप अनावर होत असेल, तर चालकाने परवाना खात्याला कळवणे बंधनकारक आहे. आपल्याकडे चालकांची डोळे-तपासणी शिबिरे भरतात. तेथेच एक टेप मानेभोवती फिरवली आणि आठ प्रश्न विचारले, तर खर्च जवळपास काहीच वाढणार नाही.

आणि रुग्ण आहे ती पन्नाशीतली गृहिणी. पाळी गेल्यानंतर स्त्रियांत हा आजार वाढतो. पण त्या ‘घोरते’ म्हणून येत नाहीत. ‘झोप लागत नाही, सकाळी डोके दुखते, अंगात त्राण नाही’, म्हणून येतात. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून, लोहाच्या गोळ्या घेऊन परत जातात. नवऱ्याचे घोरणे बायको सांगते. बायकोचे घोरणे सांगायला नवरा सहसा दवाखान्यात आलेलाच नसतो. घड्याळ घरात एकच असेल, तर ते कोणाच्या हाताला असते, हेही सांगायला नको.

इशारा आल्यानंतरची वाटही सोपी नाही. रात्रभराची चाचणी काही वैद्यकीय महाविद्यालयांत आणि मोठ्या खासगी रुग्णालयांत होते. जिल्हा रुग्णालयात ती सोय सहसा नसते. खासगीत तिला १० हजारांच्या आसपास किंवा जास्त पडतात. निदान झाले, की पुढे यंत्र. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ मध्ये मांडलेला सीपॅपचा उपाय आजही पहिला आहे: नाकावरच्या मास्कमधून हलक्या दाबाची हवा सोडून घशाला आतून आधार द्यायचा. यंत्र ३० हजारांपासून पुढे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना अटींवर त्याचा परतावा मिळतो, बहुसंख्यांना खिशातून भरावे लागते. वीज गेली, की यंत्र थांबते आणि माणूस मास्क काढून टाकतो.

उपचाराबद्दलही भाबडेपणा नको. सीपॅप नियमित वापरले तर दिवसाची झोप, थकवा आणि काही प्रमाणात रक्तदाब सुधारतो, यात शंका नाही. पण आधीच हृदयविकार किंवा पक्षाघाताचा इतिहास असलेल्या २,७१७ रुग्णांवरील ‘सेव्ह’ या मोठ्या अभ्यासात, २०१६ मध्ये, सीपॅपमुळे पुढचे झटके टळल्याचे दिसले नाही. रुग्णांनी ते रात्री सरासरी ३.३ तासच वापरले होते, हेही खरे. वजन हा मूळ प्रश्न असलेल्यांसाठी टिर्झेपटाइड या इंजेक्शनाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये याच आजारासाठी मान्यता मिळाली. अभ्यासात तासाच्या घटना सरासरी २५ च्या आसपास कमी झाल्या. औषध महाग आहे आणि बंद केल्यावर वजन परत येते. सौम्य आजारात जबडा पुढे धरणारी दंतपट्टी, कुशीवर झोपण्याची सवय, रात्रीची दारू बंद करणे, एवढ्यानेही बरेच साधते. लक्षणे नसलेल्या सरसकट सगळ्यांची चाचणी करावी का, यावर अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०२२ मध्ये पुरावा अपुरा असल्याचे सांगितले. तेव्हा एकही लक्षण नसताना केवळ घड्याळातले आलेख पाहून रात्रीची झोप घालवणाऱ्यांनी, आणि अशांची संख्या वाढते आहे, घड्याळ उशाजवळ ठेवून झोपायला हरकत नाही.

घड्याळाचा इशारा आला असेल, पण चाचणी अजून झालेली नसेल आणि मध्येच शस्त्रक्रिया ठरली, तर भूलतज्ज्ञांना ते आधी सांगावे. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा, काहीही असो. भूल आणि त्यानंतरची तीव्र वेदनाशामके घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि श्वास अडल्यावर मेंदूला येणारी जागही मंदावतात. शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र अशा रुग्णासाठी धोक्याची असते. सुलिव्हान यांचे यंत्र सोबत असेल तर ते रुग्णालयात नेता येते. नसेल तर भूल बदलता येते, औषधांचे प्रमाण कमी करता येते, रात्रभर ऑक्सिजनवर लक्ष ठेवता येते. चुंग यांनी ती आठ प्रश्नांची यादी मुळात याच रुग्णांसाठी केली होती. इशारा आलेला नसला तरी त्यातले प्रश्न भूलतज्ज्ञ विचारतीलच; उत्तर देताना ‘घोरता का?’ या प्रश्नाला घरातल्या माणसाला बोलू द्यावे.